विसाव्याचा दीड तास

कल्याणच्या खाडीकाठी वाफेवर चालणारी एक भातगिरणी होती, आणि त्या गिरणीच्या फाटकावर एक पाटी होती. पाटीवरचा मजकूर गिरणीचे व्यवस्थापक प्रभाकरपंत यांनी स्वतः रचला होता. कारखान्यांतल्या स्त्रियांना दिवसाकाठी दीड तास विसावा मिळालाच पाहिजे, असा कायदा सरकारने नुकताच केला होता; त्याचे ते मराठी रूपांतर. ते इतके शुद्ध होते की एक शास्त्री आणि एक वकील शेजारी शेजारी उभे केले असते, तर दोघांनी मिळून त्याचा अर्थ लावला असता. ज्या बावीस भात पाखडणाऱ्या बायकांसाठी तो मजकूर लिहिला होता, त्यांपैकी एकीलाही अक्षर येत नव्हते. पाटीखालून जाताना त्या पदर सावरत, कारण तिच्या कडेला एक खिळा बाहेर आला होता. कायद्याचा त्यांना झालेला स्पर्श तेवढाच.

रंगूबाई त्या बावीसांतली एक. तिचा नवरा दौलत त्याच गिरणीत बायलरात उतरण्याचे काम करी. बायलर म्हणजे विटांच्या चौथऱ्यात आडवी निजवलेली लोखंडी कोठी. पोटात माणूस वाकून चालेल एवढी जागा आणि पाठीवर एकच तोंड, खांदे तिरके केले तर माणूस आत सरकेल एवढे. आवारात गोड्या पाण्याची विहीर होती, पण तिचे पाणी गिरणीमालक शेठजींच्या मोगऱ्याला लागे. बायलरला खाडीचे पाणी पाजले जाई. त्यामुळे दर दोन महिन्यांनी त्याच्या पोटात बोटभर जाडीचा खार धरे, आणि खाराखाली पत्रा कुजे. खार छिन्नीने फोडायला आणि कुजलेल्या जागी ठिगळ मारायला दौलत होताच. मोगरा उत्तम फुलत असे.

दौलतचे घराणे मूळचे डोंबिवलीचे, विहिरी उपसणारे. आजा, बाप, चुलते, सगळ्यांनी ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या विहिरींचा गाळ काढला, आणि तीन पिढ्यांत एकही माणूस विहिरीत ठेवून ते घरी परतले नाहीत. त्यांच्या घरात दोन नेम होते. पहिला नेम, माणसाच्या आधी दिवा उतरवायचा; दिवा विझला तर माणूस उतरायचा नाही, मग विहिरीचा मालक कितीही मोठा असो. दुसरा नेम, उतरणाऱ्याच्या काखेतून बांधलेला दोर घरच्या माणसाच्या हाती हवा, आणि लग्न झालेले असेल तर बायकोच्याच. या दुसऱ्या नेमामागे प्रेमाबिमाची भानगड नव्हती. आज्याचे म्हणणे सरळ होते: उतरलेला माणूस मेला तर ज्याचे घर बसेल, त्याचाच हात दोरावर असावा, तो हात डुलकी घेत नाही आणि तंबाखू मळत नाही.

दोर नुसता धरायचा नसे, तो विचारायचा असे. रंगूबाई मनातल्या मनात जात्यावरची एक ओवी म्हणे आणि ती संपली की दोराला एक हिसका देई. आतून एक हिसका परत आला की दौलत ठीक आहे. दोन आले तर दोर सैल सोडायचा. तीन आले, किंवा एकही आला नाही, तर ओढायचे. नऊ वर्षे ती असे विचारत होती आणि तो जबाब देत होता. घरात त्यांचे बोलणे याहून फार जास्त नसे.

पौषातल्या ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी बायलरच्या बुडाचे ठिगळ अर्ध्यावर आले होते. ठिगळ बसवायला लाल तापवलेले जाड खिळे लागत; कारागीर त्यांना रिपीट म्हणत. दौलतने आतून रिपीट भोकात घालून जड ठोकळ्याने दाबून धरायचा, आणि खाली थंड पडलेल्या भट्टीत उताणा निजलेल्या राघोने बाहेर आलेले टोक हातोड्याने चेपायचे. रिपीट तापवायची शेगडी आजवर बायलरच्या तोंडाबाहेर छपराखाली असे. पण गेल्या मोसमात आवारातल्या तुसाच्या ढिगाने पेट घेतला होता, आणि तेव्हापासून पंतांनी नियम केला होता की तुसापासून पन्नास पावलांत उघडा विस्तव नको. बायलर ढिगापासून तीस पावलांवर होता. ढीग हलवायला दोन दिवस लागले असते, आणि कारखान्यांचे तपासनीस साहेब त्याच दिवशी बाराच्या गाडीने येणार होते.

पंत चौथऱ्यावर उभे राहिले. विचार करताना ते उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळत.

"शेगडी आत ठेवा," ते म्हणाले. "लोखंडाला आग लागत नाही."

"आत, पंत?" राघोने विचारले.

"आत. रिपीट हातासरशी मिळेल. वाटेत गार होण्याची तक्रार तुमचीच होती ना?"

रंगूबाई दोराची वेटोळी सोडवत होती. तिने ती खाली ठेवली.

"बंद जागंत शेगडी नको."

पंतांनी तिच्याकडे पाहिले. स्त्रियांच्या उन्नतीवर ठाण्यात त्यांनी तीन व्याख्याने दिली होती, पण त्यांपैकी एकाही वेळी श्रोत्यांतली स्त्री मध्येच बोलली नव्हती. श्रोत्यांत स्त्री नव्हतीच.

"का नको?"

"माझी जाव आवडा बाळंतिणीच्या खोलीत गेली, पाचव्या दिशी. दारं लावलेली, खाटंखाली कोळशाची शेगडी. पोर पन गेलं. दोघांचे गाल लाल होते, जत्रंतून आल्यावानी."

"पाचवीची बाधा म्हणाले असतील तुमच्याकडे."

"लोक म्हनाले. दार मी उघडलेलं. मला पन घेरी आलेली, उंबऱ्यातच पडले. मी कुठं बाळंत झालेले? बाधा मला क्याला लागंल?"

"खोलीत दिवा होता?"

"होता."

"विझलेला की जळत?"

रंगूबाईला प्रश्नाचा डाव कळला, पण खोटे बोलायचे तिला सुचले नाही. "जळत होता."

पंत हसले. शिकलेला माणूस अडाण्याच्या तोंडून स्वतःचे म्हणणे वदवून घेतो तेव्हा जसे हसतो, तसे. "म्हणजे हवा चांगली होती. हवा वाईट असती तर दिवा विझला असता. हे मी नाही सांगत, बाई. तुमच्याच घरचा नेम आहे. दौलत, खरं की नाही?"

पंतांचे वडील नौपाड्यातले नामांकित नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हा धडा पंत मुंज व्हायच्या आधी शिकले होते. त्याच शास्त्रात पुढे उलटा इशाराही दिलेला आहे: अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे कुणी समजू नये. त्याला दाखला देतात तो लाल तापलेल्या लोखंडी गोळ्याचा, ज्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. शेकडो वर्षे आमचे पंडित तो गोळा वादात एकमेकांच्या अंगावर फेकत आले. त्या गोळ्याशेजारी दार लावून बसलेल्या माणसाचे काय होते, हे विचारण्याची गरज त्यांपैकी कुणाला पडली नाही. गोळा तापवणारा त्यांच्या पंगतीला बसत नसे. पंतांना दोन्ही धडे तोंडपाठ होते. त्या सकाळी समोर लाल लोखंड होते, धूर नव्हता, दिवा जळणार होता, आणि एवढी सामग्री हाताशी असून त्यांनी नेमके चुकीचे अनुमान काढले. विद्वत्तेचा हा एक जुना उपयोग आहे.

दौलत लंगोट कसून उभा होता. पंतांच्या प्रश्नाला त्याने मान हलवली.

"दिवा जळतोय तवर जीव हाय," तो बायकोला म्हणाला. "आज्याचं बोलनं हाय ते."

"आज्यानं इहिरीत शेगडी नेलेली का कवा?"

राघो भट्टीच्या तोंडाशी बसून फिसकन हसला. दौलतचा चेहरा कडक झाला.

"तू बाळंतिणीच्या गोष्टी बायलरावर नको सांगू गो. चार मानसं हसतात."

"हसूं दे. जबाब चुकला का मी ओढीन. हातात खिळा असला तरी ओढीन, मग बोंबलू नका."

"ओढ."

शेगडी नियमाप्रमाणे फाटकाबाहेर पेटवली गेली. मग ती झाकण घालून तुसाच्या ढिगाला खेटूनच आणली गेली, कारण वाट तिथूनच होती, आणि साखळीने आत सोडली गेली. त्याआधी दिवा सोडला होता. दिवा छान जळत होता. दौलतने तोंडातून पाय आत टाकले, खांदे तिरके केले आणि तो लोखंडात नाहीसा झाला.

पहिला तासभर जबाब वेळेवर येत होते. ओवी संपे, रंगूबाई हिसका देई, हिसका परत येई. खालून राघोचा हातोडा वाजे. एकेक रिपीट बसत होता. पुढे पुढे तिला वाटू लागले की ओवी आणि जबाब यांच्यामध्ये काहीतरी शिरले आहे. एखाद्या श्वासाएवढे आधी, मग दोन श्वासांएवढे. विहिरीत असा उशीर झाला की दौलत हातातले घमेले खाली ठेवत असे, हे तिला ठाऊक होते. इथे घमेले नव्हते. तिने तोंडाशी वाकून हाक मारली.

"काय गो?" आवाज जड आला.

"उशीर क्याला करता?"

"डोकं जरा ठणकतंय. ऊब हाय."

"भायेर या."

"पाच राहिले. पाच झाले का येतो."

"आता या."

"पाच, म्हटलं ना."

तिने दोराचा हाताला वळसा घेऊन पाय चौथऱ्याला लावला होता, ओढायचेच म्हणून. तेवढ्यात गिरणीची घंटा झाली.

पंत छपराखाली आले. डोक्यावर पगडी नीट बसवलेली, अंगात नवा लांब कोट. फाटकाशी घोडागाडी थांबल्याचा आवाज येत होता.

"रंगूबाई, विसावा."

"हां, एवढं झालं का."

"एवढं झालं का नव्हे, आत्ता. साहेब फाटकाशी आलेत. बावीस बायका त्या भेंडीच्या झाडाखाली बसलेल्या दिसल्या पाहिजेत. दोर ठेव."

"दोर नाय ठेवत. त्याचं डोकं जड झालंय. आधी भायेर काढते."

"भर दुपारी लोखंडात बसल्यावर डोकं जड होणारच. दिवा पाहा, कसा जळतोय." दिवा खरेच जळत होता. "हे बघ, तुझं नाव वहीत भात पाखडणारी म्हणून आहे. विसाव्याच्या वेळी तुझा हात कामावर दिसला, तर कायदा मोडला. आणि हा कायदा तुमच्याचसाठी झालाय, तुमच्या अंगाला सुख म्हणून."

"हे काम नाय, पंत. नवरा हाय."

"नवरा घरी. इथे तो कारागीर."

"मग मला वहीतून काढा. आत्ता काढा."

"काढीन, उद्या. आज एकवीस झाल्या तर साहेब विचारतील बाविसावी कुठे गेली." पंतांनी आवाज खाली आणला, त्यांचा आवाज खाली आला की आवारातले लोक सरळ उभे राहत. "मारुती, दोर घे. ही हलत नसेल तर हात धरून नेऊन बसव."

मारुती हा फाटकावरचा शिपाई, मिशा वळवलेला, सहा फूट. त्याने रंगूबाईच्या हातातला दोर धरून ओढला. तिने सोडला नाही. त्याने बोटे एकेक करून उघडली.

"ओवी झाली का हिसका द्यायचा," ती म्हणाली. "जबाब नाय आला तर ओढायचं. ओवी येते का तुला?"

"मला पवाडा येतो," मारुती म्हणाला. "जा बाई, भाकर खा."

ती भेंडीच्या झाडाखाली जाऊन बसली. बायकांनी फडकी सोडली होती. भाकरी, सुकट, कांदा. विसाव्याला त्या आता सरावल्या होत्या. पूर्वी या वेळात त्या उभ्यानेच चार घास खात. आता बसून खात, आणि ती वेळ भरून काढायला सकाळी तेवढ्याच लवकर येत. कायद्याने याला हरकत घेतली नव्हती.

"घे गो," कलावतीने भाकरीचा तुकडा पुढे केला. ती पाखडणाऱ्यांतली जुनी, जिभेने तिखट. "नवऱ्याला दोरानं बांधून ठेवनारी अख्ख्या कल्याणात तू एकली. आमचे तर मोकळे सोडले तरी संध्याकाळी दारूच्या पिठ्यावर सापडतात."

बायका हसल्या. रंगूबाई हसली नाही. ती मनात ओवी म्हणत होती. ओवी संपली, तिच्या हाताने हवेत हिसका दिला आणि हात मांडीवर परत आला.

"बाई गं," कलावती म्हणाली, "हिचा हात बघा. झपाटलीय."

चाळीस पावलांवर बायलरचे छप्पर होते. मारुतीची पाठ दिसत होती. राघोचा हातोडा एकदा वाजला, थोड्या वेळाने पुन्हा वाजला, आणि मग वाजला नाही. रंगूबाईने आणखी एक ओवी म्हटली, आणखी एक. हातोडा वाजला नाही.

"थांबला का?" तिने विचारले.

"विसाव्याची घंटा झाली ना? जेवत असल," कलावती म्हणाली.

राघो जेवत नव्हता. त्याने नंतर सांगितले की भोकातून पुढचा रिपीट येईना, तेव्हा त्याला वाटले दौलतनेही घंटा ऐकून अंग टाकले. त्याने हातोडा उशाला घेतला आणि डोळे मिटले. घंटेनंतरची शांतता कुणालाही खटकत नाही. त्यासाठीच घंटा असते.

साहेब पंतांबरोबर भेंडीकडे येत होते. टोपी काखेत, हातात वही. मनुष्य वाईट नव्हता. तो प्रत्येक बाईकडे बोट करून ओठ हलवत मोजत होता, आणि पंत शेजारून अदबीने इंग्रजीत काही सांगत होते. बोट सतरावर आले असेल. रंगूबाईने मारुतीकडे पाहिले. मारुती छपराखालून बाहेर येऊन साहेबाच्या घोडागाडीकडे पाहत उभा होता. दोन्ही हात पाठीमागे. हातांत काही नव्हते.

ती उठली.

"बस, बस खाली," पंत मराठीत म्हणाले, आणि साहेबाकडे वळून हसले.

ती साहेबाच्या अंगावरूनच गेली. साहेबाने बोट मागे घेतले आणि मोजणी चुकल्यासारखा चेहरा केला. मारुती वाटेत आडवा झाला.

"बाई, विसाव्याची येळ हाय."

"दोर कुठं हाय?"

"आहे की. बांधलाय." त्याने मानेने दाखवले. दोर बायलरवरच्या लोखंडी झडपेच्या दांड्याला दोन फेरे देऊन, वर सुबक गाठ मारून बांधला होता. "शिपायाची गाठ हाय. हत्ती लावला तरी सुटनार नाय. मानसाचा हात दमतो, लोखंड दमत नाय. पंत पण बोलले, बरं केलंस."

त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. गाठ सुटली नव्हती, लोखंड दमले नव्हते, आणि बंदोबस्तात कुठेही उणीव नव्हती. फक्त झडपेला ओवी येत नव्हती.

रंगूबाईने गाठीपलीकडचा दोर धरून हिसका दिला. जबाब आला नाही. तिने दुसरा दिला नाही. पाय चौथऱ्याला लावला आणि ओढू लागली. दोर दगडाला बांधल्यासारखा आला. मारुतीने तिचे मनगट पकडले.

"सोड, नाहीतर मला ओरडतील."

तिने मान खाली घातली आणि त्याच्या हाताचा चावा घेतला. मारुतीने हात झटकला. तोवर कलावती येऊन पोहोचली होती आणि तिच्यामागून सात-आठ बायका, तोंडात भाकरी तशीच. कुणी काही विचारले नाही. त्यांनी दोर धरला आणि भाताची पोती ओढावीत तशा मागे रेलल्या. दोर हातहात बाहेर येऊ लागला. राघो भट्टीतून काजळीने माखलेला बाहेर आला, काय झाले ते पाहिले आणि बायलरच्या तोंडाकडे धावला.

"मी उतरतो, खालून ढकलतो."

"उतरू नको," रंगूबाई दात आवळून म्हणाली. "एक पुरे. ओढ."

खांदे तोंडाशी अडकले. राघोने वरूनच एक हात धरून तिरका केला. मग दौलत बाहेर आला, वासरू यावे तसा, सगळाच्या सगळा एकदम, आणि चौथऱ्यावरून बायकांच्या अंगावर कोसळला.

त्यांनी त्याला उघड्यावर, वाऱ्याच्या तोंडाशी निजवले. साहेब दुरून पाहत उभे होते. पंत जवळ आले आणि त्यांनी वाकून दौलतचा चेहरा न्याहाळला. गाल लाल होते, ओठही. अभ्यंगस्नान करून आल्यासारखा टवटवीत.

"रंग तर उत्तम आहे," पंत म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव खरा होता. "गुंगी आली असेल. झोपलाय."

"आवडा पन अशीच झोपलेली," रंगूबाई म्हणाली.

ती दौलतच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत होती आणि सोडत होती. विहिरीतून बाहेर काढलेल्या माणसाला तिच्या सासऱ्याने एकदा असेच केलेले तिने पाहिले होते. ते बरोबर की चूक हे तिला माहीत नव्हते. कुणीतरी पाणी आणले. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. दौलतच्या घशातून एक आवाज निघाला, पखालीत हवा शिरावी तसा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

पंत उठून बायलरकडे गेले आणि तोंडातून डोकावले. दिवा अजून जळत होता. शेगडीही. ते काही क्षण तसेच वाकून राहिले, मग झटकन मागे सरले आणि त्यांनी एक हात कपाळाला लावला.

"मारुती," ते म्हणाले, "शेगडी बाहेर काढ."

"मी नाय, पंत."

"काय म्हणालास?"

"मी दोर बांधलेला. माझा पण कुनी बांधील." मारुती आपल्या मनगटावरचे दातांचे वळ पाहत होता. "हवा चांगली हाय म्हनता, तर तुम्हीच जा."

आवारातल्या कुणीच दुसरीकडे पाहिले नाही. पंतांनी उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. शेवटी त्यांनी राघोला सांगितले की वरून पाणी ओता. पाणी ओतले गेले. बायलरच्या तोंडातून वाफ, राख आणि फुसफुस असा आवाज बाहेर आला, आणि त्यातच दिवाही विझला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच विझला, आणि पाण्याने.

साहेबाने पंतांना बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारले. बायलर चालू होता का? नव्हता. म्हणजे यंत्राने अपघात झाला असे म्हणता येईल का? येणार नाही. कायद्यात यंत्रांभोवती कुंपण घालण्याविषयी कलम होते, विसाव्याविषयी होते, मुलांच्या वयाविषयी होते. माणूस आत बसून जो श्वास घेतो त्याविषयी नव्हते, आणि जे कलम नाही त्याची तपासणी करणे हे तपासनिसाचे काम नव्हे. साहेबाने वहीत लिहिले की स्त्रियांच्या विसाव्याची व्यवस्था समाधानकारक आढळली; एक स्त्री अर्ध्यातून उठून गेली, पण ती आपखुशीने. पंतांनी ते वाक्य उलट बाजूने वाचले आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मग दोघे दप्तराच्या खोलीकडे गेले. साहेबाने जाता जाता मोगऱ्याचे कौतुक केले.

बायका घंटा व्हायच्या आधीच सुपांकडे परतल्या होत्या. कलावती मागे राहिली, तिने आपली उरलेली भाकरी फडक्यात बांधून रंगूबाईजवळ ठेवली. तीही गेली.

उन्हे कलली तेव्हा दौलतने डोळे उघडले. त्याने दोनदा ओकारी काढली. उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. हात उचलला गेला नाही. त्याने त्या हाताकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसे, बराच वेळ पाहिले. छातीवर दोराचा वळ काळानिळा उठला होता. रंगूबाईने त्याचे डोके मांडीवर घेतले होते.

तो काहीतरी बोलत होता. तिने कान जवळ नेला.

"वाट बघितली," दौलत म्हणाला. शब्द एकेक करून, खोल गाळातून काढल्यासारखे येत होते. "हात वर होईना. म्हटलं, ती विचारील. जबाब नाय गेला का ओढील. मी मोजत होतो."

रंगूबाईने मांडीवरचे त्याचे डोके थोडे वर घेतले.

"तू विचारलंसच नाय," तो म्हणाला. "नऊ वर्सांत पयल्यांदा. काय करत होतीस?"

पाखडण्याच्या ओट्यावरून सुपांचा एकसारखा आवाज येत होता. रंगूबाईने त्याच्या कपाळावरची राख पदराने पुसली. राख पदरात आली, कपाळ पुन्हा तसेच मळकट राहिले. त्याचे डोळे तिच्या तोंडावर होते आणि ते हलत नव्हते.

"विसावा घेत होते," ती म्हणाली.